हॅवलॉकच्या रिसॉर्टचे पैसे भरण्याआधी हे वाचा

अंदमानला निघाला असाल आणि हॅवलॉकला, म्हणजे २०१८ पासूनच्या स्वराज द्वीपला, राहायची सोय बघत असाल तर हे तुमच्यासाठी लिहिते आहे. खोट्या वेबसाइटवरून केलेल्या बुकिंगपायी आमचे ४४,००० रुपये गेले. त्याहून वाईट म्हणजे ऐन नाताळच्या गर्दीत, सत्तरी ओलांडलेल्या सासूबाईंना घेऊन आम्ही त्या बेटावर राहायला जागा नसताना उभे होतो.

सासूबाईंना सेल्युलर जेल बघायचं होतं, सावरकरांच्या कोठडीसमोर हात जोडायचे होते. अंदमान ठरलं ते त्यासाठी. तिथवर जातोच आहोत तर हॅवलॉकला निवांत राहू, असं आम्ही ठरवलं. हॅवलॉकची बरीचशी रिसॉर्ट पूर्व किनाऱ्यावर, गोविंदनगर आणि विजयनगरच्या बाजूला आहेत. प्रसिद्ध राधानगर बीच पश्चिमेला, जेट्टीपासून दहा-बारा किलोमीटरवर. तिथे राहायच्या जागा मोजक्या आणि महाग. सासूबाईंचे गुडघे दुखतात, म्हणून जेट्टीपासून फार लांब नसलेलं आणि तळमजल्यावर खोल्या असलेलं विजयनगरचं एक रिसॉर्ट आम्ही निवडलं.

रिसॉर्ट खरं आहे. त्याबद्दल लोकांनी लिहिलेलं चांगलंही खरं आहे. पण नाव टाकून शोधल्यावर सर्वांत वर जी वेबसाइट आली, ती त्यांची नव्हती. फोटो, लोगो, जेवणाचा मेन्यू, सगळं जसंच्या तसं उचललेलं. बदलले होते फक्त फोन नंबर आणि पैसे भरायचं खातं.

फोनवरचा माणूस अतिशय अदबीने बोलायचा. सासूबाईंसाठी बाथरूममध्ये धरायला दांडी आहे का, हे विचारल्यावर ‘बघून सांगतो’ म्हणाला आणि अर्ध्या तासाने फोटो पाठवला. आधी निम्मे, म्हणजे २२,००० भरायला सांगितले. ते गेल्यावर म्हणाला, “मॅडम, जीएसटीचा आकडा जुळत नाही म्हणून सिस्टीम एंट्री घेत नाहीये. तेवढीच रक्कम पुन्हा पाठवा, पहिली आपोआप परत येईल.” दुसरे पैसे गेल्यावर परतीचं नाव नाही. विचारलं की उत्तर एकच, “चेक-इनला उरलेल्या बिलात वळते करू.” शिक्क्यासह व्हाउचर आलं होतं. यूपीआयवर एका व्यक्तीचं नाव दिसत होतं, तर तो म्हणाला, हे आमच्या अकाउंटंटचं खातं.

त्याच्या एका मेसेजकडे मात्र मी आजही परत परत बघते. ‘तुमच्या खोलीच्या व्हरांड्यातून समुद्रात बुडणारा सूर्य दिसेल,’ असं त्याने लिहिलं होतं. विजयनगरचा किनारा पूर्वेला आहे. तिथे समुद्रातून सूर्य उगवतो. मावळताना बघायला लोक राधानगरला जातात. पाठवलेला किनाऱ्याचा फोटोही राधानगरचाच होता, रुंद वाळू आणि मागे उंच झाडांची दाट राई. पूर्वेकडे ओहोटीला पाणी पार आत जातं, प्रवाळाचे खडक उघडे पडतात आणि पोहता येत नाही. त्या रिसॉर्टवर चार दिवस काम केलेल्या माणसालाही हे ठाऊक असतं. म्हणून पैशांचा विषय निघण्याआधी विचारा, ओहोटीला तुमच्यासमोर पाणी कुठवर जातं? पोहायला कुठे जावं लागतं? खरा माणूस तत्काळ सांगेल, कारण पाहुणे त्याला रोज हेच विचारतात.

आम्ही रिसॉर्टवर पोहोचलो. रिसेप्शनवरच्या मुलाने व्हाउचर हातात घेतलं आणि त्याच्या चेहऱ्यावरूनच आम्हाला कळलं. “दीदी, ये नंबर हमारा नहीं है।” आमच्या आधीही असे लोक येऊन गेले होते. रिसॉर्ट भरलेलं होतं. मुख्य भूमीवरच्या शहरात असं झालं तर माणूस गाडी काढून पुढच्या गावी जातो. इथे संध्याकाळनंतर बोट नाही, आणि डिसेंबरात पाचच्या सुमारास सूर्य मावळतो. परतीच्या बोटी भरलेल्या, फोनला रेंज जेमतेम. सासूबाई बॅगेवर बसून होत्या आणि ‘माझ्यामुळे झालं सगळं’ म्हणत होत्या. ते ऐकवत नव्हतं. शेवटी रिक्षावाल्या दादांनी गोविंदनगरला एका बंगाली कुटुंबाकडे नेलं. त्यांनी घरातली खोली दिली, नेहमीच्याच दरात. त्या माऊलीने सासूबाईंना शेकायला गरम पाणी आणून दिलं, हे विसरणार नाही.

१९३० वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर, तक्रार तिथूनच केली. पैसे गेल्यापासून जितक्या लवकर हा फोन होईल तितकी रक्कम गोठवली जाण्याची शक्यता जास्त. आमच्या बाबतीत मध्ये काही आठवडे गेले होते, त्यामुळे थोडीच रक्कम अडकवता आली आणि ती सोडवायला त्या वेळच्या नियमाप्रमाणे कोर्टाचा आदेश लागेल, असं पोलीस ठाण्यात सांगितलं. यूपीआयचा व्यवहार क्रमांक, चॅट आणि वेबसाइटच्या पत्त्याचे स्क्रीनशॉट जपून ठेवा. केंद्रीय गृहमंत्रालयाच्या सायबर गुन्हे समन्वय केंद्राने एप्रिल २०२५ मध्ये नेमक्या याच प्रकाराबद्दल, हॉटेलांच्या आणि यात्रांच्या खोट्या बुकिंगबद्दल, इशारा दिला होता.

ऑनलाइन नकाशावरच्या नंबरवरही विसंबू नका. तिथला फोन नंबर बदलायची सूचना कुणीही पाठवू शकतं, आणि ठग नेमकं तेच करतात. दोन-तीन वेगवेगळ्या ठिकाणी मिळालेले नंबर जुळवा, रिसेप्शनवरून व्हिडिओ कॉल करायला सांगा. खातं रिसॉर्टच्या किंवा त्याच्या कंपनीच्या नावाचं नसेल तर पैसे पाठवू नका. पिन टाकण्याआधी यूपीआय नाव दाखवतं, ते मोठ्याने वाचा, घरच्यांना ऐकवा. ‘पुन्हा भरा, आधीचे परत येतील’ हे ऐकलं की फोन ठेवा. आणि शक्य असेल तिथे जागेवर पोहोचून पैसे द्यायचा पर्याय घ्या, खोली थोडी महाग पडली तरी.

तक्रारीनंतर मला आणखी एक फोन आला. बोलणाऱ्याने सायबर सेलमधून बोलतो असं सांगितलं, आमच्या बुकिंगची रक्कमही त्याला माहीत होती, आणि पैसे सोडवण्यासाठी २,५०० रुपये ‘प्रोसेसिंग फी’ मागितली. मी दिली नाही. १९३० वर तक्रार करायला किंवा पुढे पैसे परत मिळवून द्यायला पोलीस कसलीही फी घेत नाहीत. असा फोन तुम्हालाही आला, तर तो नंबरसुद्धा त्याच तक्रारीत जोडा.