फोर्टातलं फ्रेमवालं दुकान: कलर मस्त, पण साइझवर अडून बसा

फोर्टातल्या एका जुन्या फ्रेमवाल्याकडून फ्रेंच चित्रकार एलिझाबेथ विजे ल ब्रं हिचं स्ट्रॉ हॅटवालं सेल्फ पोर्ट्रेट कॅनव्हासवर प्रिंट आणि फ्रेम करून घेतलं. काम चांगलंय, पण आधी डोकं खाल्लं राव.

काउंटरवरचे काका म्हणे 24 बाय 36 इंच घ्या, रेडी फ्रेम आहे, स्वस्तात बसेल. आता लंडनच्या नॅशनल गॅलरीत जी प्रत आहे (तिनेच स्वतः केलेली) ती साधारण 98 बाय 70 सेंमी, म्हणजे या साइझला बाजू कापाव्याच लागणार, आणि स्क्रीनवर लावून बघितलं तर तिच्या हातातलं रंगांचं पॅलेटच अर्धं गायब! काका म्हणतात, "ताई, चेहरा पूर्ण येतोय ना?" अहो काका, ती पॅलेट नि ब्रश काय शोभेला धरून उभी आहे का? 1782 चं चित्र, बाई तेव्हा राणी मारी आंत्वानेतची पोर्ट्रेट करत होती, तरी पॅरिसच्या कला अकादमीत बायकांना जागा चारच आणि हिचा नवरा चित्रांचा व्यापारी म्हणून हिला आत घ्यायला खळखळ, शेवटी राजाने शब्द टाकला तेव्हा 1783 ला घेतलं. तिचं पॅलेट कापलं की उरते नुसती हॅटवाली सुंदर बाई. मी 20 बाय 28 इंचावरून हलले नाही. फ्रेमची पट्टी नवीन कापावी लागली, जास्तीचे पैसे गेले, गेले तर गेले.

प्रिंटवाल्या पोराला मात्र फुल मार्क. बेल्जियममधल्या अँटवर्पला चित्रकार रुबेन्सचं एक पोर्ट्रेट बघून ही विजे ल ब्रं त्यातल्या उजेडाच्या प्रेमात पडली आणि मग हे चित्र केलं, त्यामुळे सगळी गंमत हॅटच्या सावलीत आहे, कपाळ-डोळे सावलीत पण काळपट नाहीत, आतून उजळल्यासारखे. पहिल्या प्रूफला तिथे नुसता तपकिरी डाग. पोराने सावलीचा भाग तेवढा हलका करून परत काढलं, तेव्हा कुठे कानातलं चमकायला लागलं.

काका काच लावा म्हणून मागे लागतील, लावू नका, आपल्याकडे पावसाळ्यात आत ओल धरते नि बुरशी येते. मॅट कोटिंग मागा. मागचे हुक वरखाली ठोकलेत, चित्र जरा तिरकं लटकतं, त्याचा अर्धा स्टार कापला. डिलिव्हरी नाही, आणि संध्याकाळच्या लोकलमध्ये हे धूड घेऊन चढायचा विचारही करू नका, सरळ टॅक्सी करा. साडेतीन स्टार.