नोएडा की गुरुग्राम? दिल्लीला बदली झालेल्या ठाणे-नवी मुंबईकरांसाठी

ऐरोली, घणसोली, घोडबंदर, कुठूनही दिल्लीला बदली झाली की पहिला प्रश्न हाच, घर नोएडात बघायचं की गुरुग्रामला. बहुतेक जण भाडं आणि फ्लॅटचे फोटो बघून ठरवतात. माझं म्हणणं, आधी हे बघा की तिथला कचरा, नाला आणि पाणी कोणाच्या ताब्यात आहे, कारण ह्या दोन शहरांत खरा फरक तिथेच पडतो.

लोकसंख्येचं आधी सांगते कारण त्यात गोंधळ फार होतो. दिल्ली राज्य २०११ च्या जनगणनेत १.६८ कोटी, आणि एनसीआर (राष्ट्रीय राजधानी क्षेत्र) म्हटलं की आकडा एकदम ५.८ कोटींच्या आसपास जातो, पण ते एनसीआर म्हणजे ५५,०८३ चौरस किलोमीटर, त्यात हरियाणातलं कर्नाल येतं, यूपीतलं मुझफ्फरनगर येतं, राजस्थानातलं अलवर आणि भरतपूर पण येतं. आपलं एमएमआर (मुंबई महानगर प्रदेश) वाढवून वाढवून ६,३२८ झालं. म्हणजे तो ५.८ कोटीचा आकडा ऐकून घाबरायचं काही कारण नाही, तुमचा रोजचा संबंध त्यातल्या अगदी थोड्या भागाशी येणार. नोएडा शहर २०११ ला ६.३७ लाख, गुरुग्राम ८.७७ लाख. ठाणे तेव्हा १८.४१ लाख होतं आणि नवी मुंबई ११.२०, म्हणजे दोन्ही आपल्यापेक्षा लहानच. २०२१ ची जनगणना झालीच नाही, त्यामुळे ब्रोकर जे आजचे आकडे फेकतात ते सगळे अंदाज. आणि गुरुग्राम २००१ ला पावणेदोन लाखांच्या आत होतं, तिथून इतकी उडी मारली ती फक्त लोक आले म्हणून नाही, महापालिका करताना आजूबाजूची गावं आत घेतली म्हणून पण. आपल्याकडे ती १४ गावं कधी नवी मुंबईत कधी बाहेर, तसाच प्रकार, फक्त मोठा.

आता मुख्य मुद्दा. नोएडाला महापालिकाच नाही! १९७६ पासून सगळा कारभार नोएडा प्राधिकरणाकडे, वरती राज्य सरकारने नेमलेला आयएएस सीईओ. राज्यघटनेत २४३ क्यू मध्ये औद्योगिक टाउनशिपला नगरपालिकेतून सूट देता येते, त्यातलं हे. नवी मुंबईकराला हे पटकन कळेल, सिडकोने नोड बसवले तसे प्राधिकरणाने सेक्टर बसवले, जमीन पण सिडकोसारखी लीजवर, पण आपल्याकडे १९९२ ला महापालिका आली आणि तिथे आलीच नाही. त्याचा फायदा दिसतो, रुंद रस्ते, सरळ सेक्टर, झाडं, जुन्या सेक्टरांत फिरताना वाशी-नेरूळची आठवण येईल. तोटा असा की नगरसेवक नावाची व्यक्तीच नाही. लाइट बंद, गटार तुंबलं, तर अर्ज करा नाहीतर आरडब्ल्यूए म्हणजे रहिवासी संघटनेमार्फत पाठपुरावा करा, ह्यापलीकडे फार काही हातात नाही. आपल्याकडेही मुदत संपल्यावर वर्षानुवर्षं प्रशासक बसले होते आणि तेव्हा वॉर्ड ऑफिसात काय हाल व्हायचे ते ज्यांनी भोगलंय त्यांना हे वेगळं सांगायला नको. मला हे पटत नाही, एवढ्या मोठ्या शहरात माणसाला आपल्या गल्लीसाठी मत देता येऊ नये हे बरोबर नाही.

गुरुग्रामला २००८ पासून महापालिका आहे, नगरसेवक आहेत, निवडणूक होते. पण तिथे मालक जास्त झालेत. महापालिका, हुडा म्हणायचे ते एचएसव्हीपी म्हणजे हरियाणा सरकारचं शहर विकास प्राधिकरण, २०१७ पासून जीएमडीए म्हणजे गुरुग्राम महानगर विकास प्राधिकरण, शिवाय बिल्डरने बांधलेल्या कॉलन्या ज्यातल्या कितीतरी अजून पूर्ण हस्तांतरित नाहीत, आणि मानेसरला तर २०२० ला वेगळीच महापालिका केली. त्यामुळे एखादा खड्डा कोणाचा हे ठरवण्यातच पावसाळा संपतो. जुने बांध आणि पाण्याच्या वाटा बुजवून इमारती उभ्या राहिल्या, म्हणून पाणी तुंबणं तिथे नेहमीचं, जुलै २०१६ मध्ये तर लोक अख्खी रात्र गाडीत अडकले होते. नोएडातही २०२३ ला यमुना आणि हिंडन चढल्या तेव्हा काठची वस्ती पाण्याखाली गेली. पाणी गुरुग्रामला कालव्याने लांबून येतं आणि नव्या सेक्टरांत टँकर चालतात. मोरबे धरणाच्या पाण्यावर वाढलेल्यांनी ह्याची मानसिक तयारी ठेवा.

मेट्रो दोन्हीकडे आहे, नोएडाला ब्लू लाइन, गुरुग्रामला यलो, राजीव चौकाला दोन्ही मिळतात. नोएडा एक्स्टेन्शन मात्र वेगळं, ते ग्रेटर नोएडा प्राधिकरणाखाली आणि तिथे मेट्रो नाही, "नोएडातच आहे" म्हणून खपवतात, सांभाळा.

अजून एक गोष्ट जी आपल्या डोक्यात येतच नाही. एमएमआरमध्ये ९ महापालिका असल्या तरी राज्य एकच, मुलुंडचा नाका ओलांडला तरी सरकार बदलत नाही. तिथे बदलतं, नोएडा यूपीत आणि गुरुग्राम हरियाणात. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये यूपी आणि हरियाणाने दिल्लीच्या सीमा बंद केल्या आणि रोज ये-जा करणारे लटकले. एमएच ०४ किंवा ४३ ची गाडी नेणार असाल तर १२ महिन्यांच्या वर तिथे ठेवायची झाल्यास नवीन नोंदणी, म्हणजे आरटीओ आणि टॅक्स पुन्हा. गाडी जुनी डिझेल असेल तर नेऊच नका, एनसीआरचे नियम कडक आहेत आणि थंडीत प्रदूषण वाढलं की निर्बंध अजून वाढतात.

माझं मत विचाराल तर ऑफिस सायबर सिटी किंवा उद्योग विहारला असेल तर गुरुग्रामलाच रहा, नोएडातून अख्खी दिल्ली ओलांडून रोज जायचा विचारही करू नका. ऑफिस मध्य दिल्लीत असेल आणि मुलं, आईवडील बरोबर असतील तर मी नोएडाचा जुना सेक्टर घेईन, मेट्रोपासून चालत जाता येईल असा, नगरसेवक नसला तरी. टोकन द्यायच्या आधी गार्डला नाही तर सोसायटीतल्या एखाद्या काकूंना विचारा, टँकर आठवड्यातून किती वेळा येतो आणि सोसायटी बिल्डरकडून ताब्यात आली का. उत्तर द्यायला अडखळल्या तर दुसरं घर बघा.