फ्रूट कुकी: एकच मोठी थापायची की छोट्या छोट्या?

मेच्या सुट्टीत घर पोरांनी भरलेलं असतंय, त्यात आपल्या बेळगावात शिवजयंती वैशाख शुद्ध द्वितीयेला आणि लगेच दुसऱ्या दिवशी अक्षय्य तृतीया, मग गोड काहीतरी गारेगार पाहिजेच की. म्हणून ही फ्रूट कुकी, भाजलेल्या कुकीवर गोड चक्का आणि वर फळं.

मोठी कुकी म्हणजे सगळं पीठ ट्रेमध्ये थापायचं, १८० डिग्रीवर १५-२० मिनिटं, कडा सोनेरी झाल्या की बाहेर, पूर्ण गार झाल्यावर वर साखर घातलेला चक्का आणि हापूसच्या पातळ फोडी गोल गोल. दिसायला एकदम झकास, काम पण कमी. पण कापताना तुकडे पडतात आणि उरली तर फळांचं पाणी सुटून सकाळपर्यंत खाली नुसता लगदा.

छोट्यांना लाटा, कापा, वेळ जातोय खरं, पण कुकीज दोन-तीन दिवस आधी भाजून डब्यात ठेवता येतात, चक्का वेगळा फ्रीजमध्ये, पाहुणा आला की लावायचं आणि द्यायचं. मिरवणुकीच्या रात्री कोण कधी टपकेल काय सांगावं! मला तरी ह्याच बऱ्या वाटतात, मोठी फक्त वाढदिवसाला.

फळं पुसून कोरडी करूनच लावा, कुकी मोठी असो की छोटी. आणि कच्चा अननस चक्क्यावर अजिबात नको, त्यातलं एन्झाइम दुधातलं प्रोटीन तोडतंय, थोड्या वेळात कडू लागायला लागतंय. किवीचं पण तेच. अननस पाहिजेच असेल तर साखरेत चांगला शिजवून, निथळून घ्या.