दोन कॉलमचा निळा रिझ्युम: आठ महिन्यांनंतरचा अनुभव

मागच्या जुलैत मेकॅनिकल डिप्लोमाचा निकाल लागला आणि मी परभणीहून ताईकडे, छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज या कारखान्यांच्या भागात, बजाजनगरात राहायला आले. पहिल्याच आठवड्यात मोबाइलवर रिझ्युम बनवायचं एक ॲप घेतलं. ॲपचं नाव सांगत नाही. तसली बरीच ॲप्स आहेत, नमुनेही जवळपास तेच, आणि माझं भांडण त्या डिझाइनशी आहे.

डावीकडे गडद निळी पट्टी. तिच्यात गोल फोटो, खाली फोन आणि ईमेलची इवलीशी चिन्हं, त्याखाली प्रत्येक कौशल्यापुढे पाच ठिपके, जेवढं येतं तेवढे भरलेले. उजवीकडे शिक्षण, ट्रेनिंग, प्रोजेक्ट. स्क्रीनवर इतकं देखणं दिसायचं की मी ते स्टेटसला ठेवलं होतं. दाजींनी बघून विचारलं, "पत्रिका कुणाची छापायलीस गं?" तेव्हा राग आला होता.

आधी पैशाचं सांगते. ॲप फुकट म्हणून सुरू होतं, तासभर बसून सगळी माहिती भरून घेतं, आणि डाउनलोड करायला गेलं की पानावर आडवा वॉटरमार्क, म्हणजे मजकुरावर उमटलेला ॲपचा छाप. तो काढायचा तर महिन्याचं भाडं, तेही यूपीआय ऑटोपेवर, म्हणजे दर महिन्याला खात्यातून आपोआप कापलं जाणारं. एवढं टाइप केलेलं कुणाला सोडवतं? मी भरले. पुढच्या महिन्याचे कापायच्या आदल्या दिवशी मेसेज आला. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे तो किमान 24 तास आधी यावाच लागतो. पहिले दोन महिने मी वाचलाही नाही. तिसऱ्या महिन्यात वाचला आणि यूपीआय ॲपमध्ये जाऊन ऑटोपे रद्द केलं. नुसतं ॲप काढून टाकलं तर पैसे कापणं थांबत नाही, हे मला ताईनं सांगितलं.

आता वापराचं. ऑनलाइन अर्ज करा असं सगळे सांगतात, पण वाळूजला अजूनही निम्मं काम कंपन्यांच्या गेटवर चालतं. सकाळी शिफ्टच्या वेळेला जायचं, वॉचमनकडं कागद द्यायचा, तो रजिस्टरखाली ठेवणार आणि नशिबात असेल तर एचआरपर्यंत, म्हणजे भरती बघणाऱ्यांपर्यंत, पोचवणार. त्यासाठी प्रिंट लागतात, आणि रंगीत प्रिंट वीस-वीस कोण काढणार? एक रंगीत काढली, बाकी झेरॉक्स. झेरॉक्समध्ये ती निळी पट्टी काळी पडली, आणि पट्टीत पांढऱ्या अक्षरात काय होतं, तर माझा फोन नंबर. टोनरच्या ठिपक्यांत 3 आणि 8 एकसारखे दिसायला लागले. एका गेटवरच्या काकांनी कागद डोळ्याजवळ धरून, लांब धरून पाहिला आणि म्हणाले, "ताई, नंबर पेनानं वर लिहून द्या." तिथंच दुचाकीच्या सीटवर ठेवून उरलेल्या सगळ्या प्रतींवर नंबर लिहिला. पैसे देऊन घेतलेलं डिझाइन आणि वर बॉलपेननं नंबर!

कागदाच्या मापाची भानगड तर मला ऑक्टोबरपर्यंत कळलीच नव्हती. ॲपमध्ये पान मुळातच अमेरिकन लेटर मापाचं होतं, 216 बाय 279 मिलिमीटर. आपल्याकडच्या दुकानात ए-फोर, म्हणजे 210 बाय 297. रुंदीला 6 मिलिमीटर जास्त. दुकानदारानं आहे त्या मापात प्रिंट दिली की डाव्या कडेची अक्षरं अर्धी कापलेली, आणि खाली उगाच रिकामी जागा. मी दर वेळी दुकानदाराशी वाद घालायचे. त्याची चूक नव्हती.

ऑनलाइन अर्जांत वेगळंच घडत होतं. बऱ्याच कंपन्यांच्या आणि नोकरीच्या साइटवर रिझ्युम चढवला की सॉफ्टवेअर त्यातला मजकूर उपसून रकान्यांत आपोआप भरतं. माझ्या बाबतीत नावाच्या रकान्यात 'संपर्क' आलं, शिक्षणाच्या रकान्यात ऑटोकॅड हे ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर, आणि फोनचा रकाना रिकामा. कारण सोपं आहे, पण मला कुणी सांगितलं नव्हतं. आपल्याला दोन कॉलम दिसतात. त्यातली पुष्कळ सॉफ्टवेअर्स आडव्या ओळी धरून वाचतात. मग डावीकडचा अर्धा शब्द आणि उजवीकडचं अर्धं वाक्य एकाच ओळीत सांधलं जातं. फोनचं चिन्ह हे चित्र नाहीतर खास फाँटातलं अक्षर, त्यामुळे तिथं चौकोन उमटतो. वर्डमध्ये केलेला असेल तर टेक्स्ट बॉक्समधला (चौकटीतला) आणि हेडरमधला (पानाच्या वरच्या कडेचा) मजकूर सुटून जाऊ शकतो, आणि नेमका नाव-नंबर आपण हेडरमध्येच टाकतो.

हे तपासायला काही लागत नाही. पीडीएफ उघडायची, सगळा मजकूर कॉपी करायचा आणि नोटपॅडमध्ये पेस्ट करायचा. तिथं जसं दिसतं, साधारण तसंच समोरच्या मशीनला दिसतं. मजकूर कॉपीच होत नसेल तर ती पीडीएफ म्हणजे नुसता फोटो. रूम घेऊन राहणाऱ्या एका मैत्रिणीनं हे दाखवलं, आणि माझ्या रिझ्युमची नोटपॅडमधली खिचडी बघून आम्ही दोघी हसत सुटलो. तीन महिने मी तीच खिचडी वाढत होते.

तिचीही एक गंमत. ती बीएस्सी आहे. 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ, छत्रपती संभाजीनगर' हे इंग्रजीत त्या अरुंद कॉलममध्ये बसवून दाखवा. सहा ओळी झाल्या. हे नमुने करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर आपली नावं नसतातच. त्यात शहराच्या नावाचा घोळ: 2023 च्या आधीच्या तिच्या कागदांवर औरंगाबाद आहे, नंतरच्या कागदांवर छत्रपती संभाजीनगर. शेवटी आम्ही ठरवलं की पत्त्यात आजचं नाव लिहायचं, आणि विद्यापीठाचं नाव मार्कशीटवर जसं छापलंय तसंच. कागदपत्रं जुळवताना प्रश्न नको. धाराशिवच्या मुलांचीही हीच अडचण असते.

ठिपक्यांवर मात्र माझा खरा राग आहे. एका व्हेंडर कंपनीत, म्हणजे मोठ्या कारखान्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या कंपनीत, मुलाखत होती. साहेबांनी कागदावर बोट ठेवलं, "सीएनसीला चार ठिपके. म्हणजे काय येतं?" सीएनसी म्हणजे संगणकाच्या आज्ञेवर चालणारं कटिंगचं मशीन. मी गप्प. "कंट्रोल कुठला, फॅनक की सीमेन्स? ऑफसेट टाकलाय का कधी?" फॅनक, सीमेन्स हे मशीनच्या कंट्रोलचे मेक, आणि ऑफसेट म्हणजे हत्याराच्या मापाची दुरुस्ती मशीनमध्ये भरणं. टाकला होता की! डिप्लोमातल्या सहा आठवड्यांच्या ट्रेनिंगमध्ये फॅनकवर टाकला होता, बोअर गेज (भोकाचा आतला व्यास मोजायचं साधन) आणि मायक्रोमीटर रोज हातात असायचे, पहिला पीस तपासून रिपोर्ट भरायचं काम माझ्याकडंच होतं. यातलं एक अक्षर रिझ्युममध्ये नव्हतं, कारण त्या जागेत ठिपके होते. खऱ्या कामाला जागा नाही आणि गोल फोटोला चांगली दोन इंच.

नोव्हेंबरात सगळं मोडून गूगल डॉक्समध्ये नव्यानं केलं. एक कॉलम, ए-फोर, चारी बाजूंना 2 सेंटिमीटर समास, साधा कॅलिब्री फाँट, मजकूर 11 पॉइंटचा आणि मथळे 13 चे. पांढऱ्यावर काळं. नाव आणि नंबर पहिल्या दोन ओळींत, हेडरमध्ये नाही. तारखा उजवीकडे न्यायला मी आधी स्पेसबार मारत बसायचे आणि मोबाइलवर उघडलं की त्या वेड्यावाकड्या व्हायच्या. रूलरवर उजवा टॅब लावला की जागेवर राहतात. ठिपक्यांच्या जागी वाक्यं आली: कुठली मशीन, कुठलं मोजमापाचं साधन, काय तपासलं. फाइलचं नाव 'रिझ्युम फायनल नवीन 3' होतं, ते बदलून माझं नाव आणि पुढं 'मेकॅनिकल क्वालिटी' केलं. एचआरच्या व्हॉट्सॲपवर ढीगभर 'रिझ्युम फायनल' पडलेल्या असतात. आणि पाठवायची ती डॉक्युमेंट म्हणून, स्क्रीनशॉट नाही.

फोटो काढून टाकला. धर्म, वडिलांचा व्यवसाय, वैवाहिक स्थिती हेही काढलं. दाजींना पटलं नाही, "बायोडाटात असतंयच की." लग्नाच्या बायोडाटात असतं. माझ्या पहिल्या रिझ्युमवर 'अविवाहित' लिहिलं होतं आणि एका एजन्सीच्या माणसानं फोनवर कामाचं विचारायच्या आधी लग्न कधी ठरतंय ते विचारलं. शेवटचं ते 'वरील माहिती खरी आहे' काढलं, तर एका ठिकाणी सहीसाठी तेच मागितलं. म्हणून आता ती एक ओळ आणि सहीची जागा ठेवली आहे.

मराठी रिझ्युम फक्त एकदाच लागला, परभणीच्या एका संस्थेत लॅब असिस्टंटच्या जागेसाठी. ॲपमध्ये 'दुसऱ्या' मधला ऱ्या धड येईना. दुकानात टाइप करून घेतलं तर तो युनिकोड (सगळ्या उपकरणांवर सारखीच उमटणारी अक्षरपद्धत) नसलेला जुना फाँट, माझ्या मोबाइलवर इंग्रजी अक्षरांचा नुसता चिवडा. डॉक्समध्ये मुक्ता फाँट घेतला तेव्हा ऱ्या नीट आला. नोटपॅडची कसोटी मात्र मराठीला लावू नका. पीडीएफमधून कॉपी केलेल्या काना-मात्रा कित्येकदा चांगल्या फाँटमध्येही इकडच्या तिकडे होतात. मराठी अर्ज शक्यतो कागदावरच द्यावा.

साध्या रिझ्युममुळेच नोकरी लागली असं मी म्हणणार नाही. फेब्रुवारीत जिथं लागले तिथं दाजींच्या ओळखीचे एक जण होते, त्यांनीच कागद आत नेला. पण आतल्या साहेबांनी पहिलाच प्रश्न बोअर गेजवर विचारला, आणि ती ओळ कागदावर होती. निळ्याचा एकच फायदा मान्य करते: त्यात जागा एवढी कमी होती की मला एका पानात लिहायची सवय लागली.

मागच्या आठवड्यात जिंतूरची एक मुलगी तोच निळा नमुना मागत होती. डॉक्सची लिंक पाठवली, तर म्हणाली, "तो नाही, स्टेटसला होता तो." पाठवला. भाडं बंद आहे, त्यामुळे आता तो वॉटरमार्कसकटच निघतो.