पाच हजारांच्या आतला टॅबलेट घ्यावा का? सहा महिन्यांच्या वापरानंतरचे मत

गेल्या नोव्हेंबरमध्ये पऱ्हाटीची पहिली वेचणी विकून झाल्यावर मी यवतमाळच्या एका दुकानातून सात इंची अँड्रॉइड टॅबलेट ४,८०० रुपयांना घेतला. गावातल्या व्यापाऱ्याने कापसाला क्विंटलमागे ७,००० रुपये दिले होते, म्हणजे या वस्तूसाठी साधारण सत्तर किलो कापूस गेला. किंमत अशी मांडण्याचे कारण एवढेच की, शहरात ‘स्वस्त’ म्हणून जी वस्तू सहज उचलली जाते, तिचा आमच्याकडे घरात बसून विचार होतो. धाकटी मुलगी पाचवीत होती आणि नवोदय विद्यालयाच्या प्रवेश परीक्षेची तयारी करत होती. माझा फोन दिवसभर माझ्यासोबत वावरात असतो, त्यामुळे तिच्या हाती स्वतःचे एखादे साधन असावे, एवढाच हेतू होता. नामांकित कंपन्यांचे आठ-नऊ इंची टॅबलेट त्या वेळी दहा हजारांच्या वर होते आणि तेवढी रक्कम काढणे शक्य नव्हते. माझ्या टॅबलेटवरचे नाव कोणाला माहीत असण्याजोगे नाही आणि याच बनावटीचे टॅबलेट वेगवेगळ्या नावांनी विकले जातात, म्हणून नावापेक्षा आत काय असते तेच सांगतो.

खोक्यावर ‘४ जीबी रॅम, ६४ जीबी मेमरी’ असे ठळक अक्षरांत छापले होते. घरी आल्यावर भाच्याने उपकरणाची माहिती दाखवणारे एक ॲप टाकून पाहिले, तेव्हा खरी रॅम, म्हणजे चालू काम सांभाळणारी मेमरी, २ जीबीच निघाली. उरलेली दोन ‘व्हर्च्युअल’ होती, म्हणजे साठवणुकीच्या मेमरीतलाच एक तुकडा रॅम म्हणून वापरायचा. ती मेमरी खऱ्या रॅमपेक्षा कितीतरी संथ असते, त्यामुळे आकडा दुप्पट झाला तरी काम दुप्पट होत नाही. व्हिडिओ चालू असताना मुलीने वहीसाठी एखादे चित्र शोधायला ब्राउझर उघडला की व्हिडिओ बंद पडायचा आणि पुन्हा पहिल्यापासून लावावा लागायचा. साठवणुकीच्या ६४ जीबीपैकी प्रत्यक्षात चाळीसच्या आसपास मोकळी होती. तेवढी आम्हाला पुरेशी होती आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही.

खरी अडचण पडद्याची होती आणि ती विकत घेण्यापूर्वी माझ्या लक्षात यायला हवी होती. नवोदयच्या परीक्षेत ८० प्रश्न आणि १०० गुण असतात. त्यातले ४० प्रश्न, म्हणजे ५० गुण, बौद्धिक क्षमतेचे असतात आणि ते सगळे आकृत्यांवर आधारलेले असतात: वेगळी आकृती ओळखा, आरशातली प्रतिमा शोधा, घडी घातलेला कागद उलगडल्यावर कसा दिसेल ते सांगा. या आकृत्यांमधला फरक कधी कोपऱ्यातल्या एका टिंबाचा असतो, तर कधी एका तिरप्या रेघेचा. सात इंची पडद्याची रुंदी जेमतेम नऊ सेंटिमीटर असते आणि त्यावर आडवे फक्त ६०० बिंदू असतात. एकवीस सेंटिमीटर रुंदीचे ए-फोर पान त्यात बसवले की ते निम्म्यापेक्षाही लहान होते. मुलगी एका संध्याकाळी टॅबलेट डोळ्यांजवळ धरून विचारत होती, “बाबा, या चौकोनात टिंब आहे का नाही?” मीही निरखून पाहिले आणि मलाही सांगता येईना. बोटांनी पान मोठे केले की टिंब दिसायचे, पण मग शेजारच्या तीन आकृत्या पडद्याबाहेर जायच्या आणि चारही एकत्र पाहून तुलना करणे, जे त्या प्रश्नाचे मर्म आहे, तेच जमायचे नाही. मराठी मजकुराचेही तसेच. ‘कृ’ आणि ‘क्र’, ‘द्ध’ आणि ‘द्व’ हे लहान अक्षरांत एकसारखेच दिसतात. मोठ्या माणसाला सवयीने वाचता येतात, पण शुद्धलेखन शिकणाऱ्या मुलीला चुकीचे वळण लागू शकते. पडदा थोडा तिरपा झाला की काळवंडतो, म्हणून खाटेवर शेजारी बसलेल्या मोठ्या बहिणीला काहीच दिसत नसे आणि दोघींनी मिळून अभ्यास करण्याचा बेत पहिल्या आठवड्यातच सोडून द्यावा लागला.

नेटवर्कची गोष्ट जरा सविस्तर सांगावी लागेल, कारण खेड्यातल्या ग्राहकाची फसगत इथेच सर्वांत जास्त होते. दुकानात सिम घातले तेव्हा फोर-जी व्यवस्थित चालले. गावी आल्यावर त्याच सिमवर टॅबलेटला एक काडी मिळायची, तीही ओट्यावर आल्यावर, आणि तेच जिओचे सिम माझ्या फोनमध्ये घातले की घरात बसूनही व्हिडिओ चालायचा. याचे कारण पट्ट्यांमध्ये, म्हणजे नेटवर्कच्या लहरी ज्या ठरावीक वारंवारतांवर चालतात त्यांमध्ये (इंग्रजीत ‘बँड’), आहे. जिओचे फोर-जी प्रामुख्याने ३, ५ आणि ४० या क्रमांकांच्या पट्ट्यांवर चालते. त्यातली ५ क्रमांकाची पट्टी ८५० मेगाहर्ट्झची असल्याने तिच्या लहरी लांबवर जातात आणि भिंतीतून आत शिरतात. ४० क्रमांकाची २३०० मेगाहर्ट्झची पट्टी टॉवरजवळ चांगला वेग देते, पण लांबच्या गावापर्यंत तिचा जोर टिकत नाही. शहरात टॉवर जवळजवळ असल्याने हा फरक जाणवत नाही. आमच्या टॅबलेटच्या माहितीपत्रकात पट्ट्यांच्या यादीत ५ हा आकडाच नव्हता. खोक्यावर ‘फोर-जी’ एवढेच लिहिलेले पाहून समाधान मानू नये, पट्ट्यांचे आकडे विचारावेत. दुकानदाराला ते सांगता आले नाहीत तर खोक्यातले माहितीपत्रक उघडून पाहावे. फक्त थ्री-जी असलेला टॅबलेट कोणी आणखी स्वस्तात देऊ करत असेल तर तो घेऊच नये, कारण जिओकडे टू-जी, थ्री-जी हे प्रकार नाहीत आणि ते सिम त्यात चालणारच नाही.

शेवटी आम्ही इंटरनेटचा नाद सोडला. मी रात्री फोनच्या हॉटस्पॉटवरून ‘दीक्षा’ या सरकारी शैक्षणिक ॲपमधले धडे आणि बालभारतीची पुस्तके टॅबलेटमध्ये उतरवून ठेवू लागलो आणि दिवसा ती मुलगी पाहू लागली. अशा वापरात टॅबलेटने चार-पाच महिने खरोखर चांगली साथ दिली, हे नोंदवणे माझे कर्तव्य आहे. अपूर्णांकांचा एक व्हिडिओ तिने पाच वेळा थांबवून पाहिला आणि तो भाग तिला समजला. तसे वर्गात शक्य झाले नसते. वीज गेली तरी अभ्यास चालू राहायचा. संध्याकाळी माझे वडील त्यावर तुकडोजी महाराजांची खंजिरी भजने ऐकत, आवाज वाढवला की फुटायचा, पण कमी आवाजात ठीक होता. तरीही पाठ्यपुस्तके पाहण्यासाठी टॅबलेट घेण्याचा विचार कोणी करत असेल तर तो सोडावा, कारण जिल्हा परिषदेच्या शाळेत आठवीपर्यंत ती पुस्तके मोफत मिळतातच आणि छापील पानाची सर या पडद्याला येत नाही.

बॅटरीवर ५,००० एमएएच लिहिले होते. सोबतचा चार्जर एक अँपिअरचा, तासाला फार तर १,००० एमएएच भरणारा, म्हणजे कितीही चांगल्या स्थितीत ती भरायला पाच तासांहून अधिक लागणार, हे साधे गणित आहे. वीज अधूनमधून जाणाऱ्या गावात सलग पाच तास मिळवणे हेच काम होते. पूर्ण भरल्यावर व्हिडिओ अडीच तास चालायचा. मग उन्हाळा आला. आमचे घर टिनाचे आहे आणि मे महिन्यात दुपारी विदर्भात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. टिनाखालची उष्णता त्याहून जास्त असते, हे वेगळे सांगायला नको. लिथियम बॅटरी ४५ अंशांच्या वर चार्ज करू नये असे मानले जाते. चांगल्या उपकरणांत तापमान वाढले की चार्जिंग आपोआप थांबते, आमच्यात ते थांबत नव्हते. मेच्या तिसऱ्या आठवड्यात टॅबलेट टेबलावर ठेवला तर तो डुगडुगू लागला. पाठीमागचे झाकण मधोमध फुगले होते आणि पडद्याच्या कडेला फट पडून आतला उजेड दिसत होता. फुगलेली बॅटरी पेट घेऊ शकते, म्हणून त्याच दिवशी तो बंद करून मुलांच्या हाती लागणार नाही अशा ठिकाणी ठेवला. तोवर तो मुलीच्या उशाशी चार्जिंगला असायचा, ही गोष्ट आजही मला अस्वस्थ करते.

दुकानात गेलो तेव्हा एक वर्षाच्या वॉरंटीत बॅटरी आणि चार्जर येत नाहीत, असे उत्तर मिळाले. कार्डावर सेवा केंद्राचा पत्ता नव्हता, फक्त एक फोन क्रमांक होता आणि तो कोणी उचलत नव्हते. मी पक्के बिल घेतले नव्हते, शंभर-दोनशे रुपये वाचवण्यासाठी साध्या कागदावरची पावती घेतली होती. पक्के बिल असते तर ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर तक्रार नोंदवताना हातात भक्कम पुरावा असता. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या आयोगाकडे दाद मागता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क नसते. तसेच भारतात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक टॅबलेटवर भारतीय मानक ब्युरोचे चिन्ह आणि ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असावा लागतो. तो ‘बीआयएस केअर’ ॲपवर तपासता येतो. आमच्या खोक्यावर तो कुठेच नव्हता आणि मी तो शोधलाही नव्हता.

आणखी एक तपासणी दुकानातच करता येते. सेटिंग्जमध्ये ‘टॅबलेटविषयी’ या ठिकाणी सुरक्षा अपडेटची तारीख असते. आमच्यात ती खरेदीच्या दिवशीच तीन वर्षे जुनी होती आणि पुढे कधी बदलली नाही. अशा उपकरणावर बँकेचे किंवा पैसे पाठवण्याचे ॲप अजिबात ठेवू नये.

स्वस्त टॅबलेटचे स्वप्न आपल्याकडे नवे नाही. २०११ च्या ऑक्टोबरमध्ये केंद्र सरकारने विद्यार्थ्यांसाठी ‘आकाश’ टॅबलेट आणला, तेव्हा तोही सात इंची होता, त्यात २५६ एमबी रॅम होती आणि बोटाने दाबल्याशिवाय पडदा दाद देत नसे. त्या मानाने आजचा पाच हजारांचा टॅबलेट फार पुढे आहे, हे मान्य केले पाहिजे. पण पडदा, बॅटरी आणि सेवा यांतली काटकसर तेव्हाप्रमाणेच आजही ग्राहकाच्याच वाट्याला येते.

माझे मत स्पष्ट आहे. आकृत्यांचा किंवा बारीक अक्षरांचा अभ्यास असेल, गाव टॉवरपासून लांब असेल, किंवा घरातले ते एकमेव साधन ठरणार असेल, तर पाच हजारांच्या आतला अनोळखी टॅबलेट घेऊ नये. तेवढ्याच किंवा हजार-दीड हजार जास्त पैशांत नामांकित कंपनीचा वापरलेला टॅबलेट, बॅटरी नीट तपासून, घेतलेला परवडतो. घरात आधीच एक चांगला फोन असेल आणि फक्त उतरवलेले व्हिडिओ पाहायचे असतील, तर पक्के बिल आणि नोंदणी क्रमांक पाहून घ्यायला हरकत नाही, मात्र उन्हाळ्याच्या दुपारी तो चार्जिंगला लावू नये.

गेल्या आठवड्यात शेजारचे भाऊ त्यांच्या मुलासाठी असाच टॅबलेट घ्यायला निघाले, तेव्हा मी सोबत गेलो. दुकानदाराला विनंती करून नवोदयच्या जुन्या प्रश्नपत्रिकेचे आकृत्यांचे एक पान त्यावर उघडले आणि टॅबलेट भाऊंच्या हाती दिला. त्यांनी तो दोनदा जवळ-लांब करून पाहिला, परत ठेवला, आणि आम्ही बसस्थानकाजवळच्या पुस्तकांच्या दुकानातून सरावाची दोन छापील पुस्तके घेऊन गावी आलो.