सरकीच्या रिपोर्टवर आमचं नाव : ३१,३०० रुपये गेले

तेलाचा लॅब रिपोर्ट घरपोच करून देतो म्हणणारा कोणी तुमच्या घाण्यावर आला तर चहा पाजा, पण पैसे देऊ नका. माझे ३१,३०० रुपये गेलेत. हा आकडा लिहायला लाज वाटते, तरी लिहिते.

सोलापुरात आमचा लाकडी घाणा आहे. शेंगदाणा आणि करडई, मी आणि मिस्टर मिळून बघतो. पुण्याचा एक दुकानदार दर महिन्याला माल उचलायला तयार झाला. अट एकच, दोन्ही तेलांचा रिपोर्ट द्या, आणि शेंगदाण्यात अफ्लाटॉक्सिनची तपासणी हवीच. त्याचं बरोबर होतं. शेंगदाणा नीट न वाळवता पोत्यात भरला की बुरशी धरतो, तिचं विष, तेच हे अफ्लाटॉक्सिन, दाण्यात राहतं आणि घरच्या भाजण्या-तळण्याने ते पूर्ण जात नाही. पिळताना बरंचसं पेंडीत जातं (आणि पेंड खाणाऱ्या जनावराच्या दुधात, तो विषय वेगळाच), पण थोडं तेलातही उतरतं. रिफाइंड करताना कॉस्टिक सोड्याने ते निघतं. घाण्याच्या तेलाला कुठलं कॉस्टिक? ‘नैसर्गिक म्हणजे निर्धोक’ असं गिऱ्हाइकाला सांगणाऱ्या आमच्या धंद्याला हे ऐकायला नको असतं, पण खरं आहे.

तर हा माणूस आला तो ओळखीच्याच एका घाणेवाल्याकडून. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात आयकार्ड. “ताई, तुमी कशाला पळापळ करलालाव? सँपल माझ्याकडं द्या, रिपोर्ट हातात घ्या.” बोलता बोलता त्याने खिशातून काचेची नळी काढली, त्यात आमचं तेल घेतलं, वर कसल्याशा ॲसिडचे थेंब सोडले, हलवली आणि उजेडात धरली. “बगा, लाल झालं नाही. शुद्ध.” मिस्टर तर खूशच झाले.

ती नायट्रिक ॲसिडची चाचणी. ती पिवळ्या धोत्र्याच्या बियांच्या तेलासाठी असते. १९९८ साली दिल्लीत मोहरीच्या तेलात तेच मिसळलेलं निघालं होतं, पाय सुजून माणसं दवाखान्यात पडली, साठच्या वर दगावली. अफ्लाटॉक्सिनचा त्या नळीशी काडीचा संबंध नाही. ते इतक्या सूक्ष्म प्रमाणात मोजतात, किलोमागे मायक्रोग्रॅममध्ये, की त्याला एचपीएलसीसारखं मशीनच लागतं. हे मला आता माहीत आहे.

पैसे असे गेले : एका सँपलचे ११,८०० ‘जीएसटीसकट’, दोनाचे २३,६००. मग ‘अर्जंट’चे ३,५००. मग पुण्याच्या ॲनालिस्टची सही अडकली म्हणून ४,२००. सगळे यूपीआयने, एका बचत खात्यावर. जीएसटी घेतला आणि बिल नाही! बिल मागितलं तर “रिपोर्टसोबतच येतंय की.”

दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी व्हॉट्सॲपवर पीडीएफ आली. झाडून सगळ्या ओळींत ‘आढळले नाही’. किती प्रमाणापर्यंत शोधलं आणि आढळलं नाही, ते कुठेच नाही. लक्षात ठेवा, मोजण्याची मर्यादा लिहिलेली नसेल तर ‘आढळले नाही’ याला कवडीची किंमत नाही.

पण माझं डोकं फिरतं ते पुढच्या गोष्टीने. छापील प्रत द्यायला तो स्वतः आला. कागद काढायला स्कूटरची डिकी उघडली, आणि आत, रेनकोटखाली, माझी बाटली. माझ्याच अक्षरातलं लेबल, ‘शेंगदाणा’चा शें तेलाने फुटलेला, बुचावरची लाख जशीच्या तशी. मी विचारलं, हे काय? डोळ्याची पापणी न हलवता म्हणाला, “हा राखीव भाग, ताई. तक्रार आली तर लागतो.”

आता मला येडी म्हणणाऱ्यांनी एक ऐकावं. सरकारी अधिकारी सँपल घेतो तेव्हा त्याचे चार भाग करतो, हे आम्हा अन्नधंद्यातल्या लोकांना ठाऊक असतं. त्यामुळे राखीव भाग हा शब्द कानाला खरा वाटला. अर्धवट माहिती असलेल्यालाच असले लोक गाठतात, पूर्ण अडाण्याला नाही. फक्त मी दोन तेलांच्या मिळून दोनच बाटल्या भरून दिल्या होत्या. शेंगदाण्याची एकच. ती डिकीत असेल तर लॅबमध्ये काय गेलं? हा हिशोब मला रात्री अंथरुणावर आला, आणि तोवर मिस्टरांनी ४,२०० पाठवलेले होते.

पुण्याच्या दुकानदाराने रिपोर्टवरचा नंबर घेऊन लॅबला फोन केला. लॅब खरी, नंबरही खरा, पण तो सरकीच्या तेलाच्या सँपलचा. कोणाच्या तरी रिपोर्टवर आमचं नाव चिकटवलेलं. ऑर्डर गेली. वर त्याने ऐकवलं, “मॅडम, तुम्हीच बनवला नसेल कशावरून?”

चौकीत गेलो तर म्हणे व्यवहारातला वाद आहे, दिवाणीत जा. मी म्हटलं, साहेब, खोटा दस्त आहे, भारतीय न्याय संहितेत फसवणुकीला कलम ३१८ आहे. तर मिस्टरांकडे बघून, “वहिनी वकील आहेत का?” यूपीआय म्हटल्यावर सायबरवाल्यांकडे पाठवलं. ते म्हणाले, माणूस समोर आला होता ना, मग हे सायबर कसं? बँकेने सांगितलं, पैसे तुम्हीच पाठवलेत. अन्नसुरक्षेचं बघणाऱ्या कार्यालयात गेलो तिथे तर कहर. लॅब आमच्या अखत्यारीत नाही म्हणाले, आणि लगेच, “तुमचं लायसन्स नंबर सांगा बघू, युनिट बघून घेतो एकदा.” फसवणारा मोकळा, तपासणी आमची! अर्जावर पोहोच मागितली तर शिक्का असलेले साहेब जेवायला गेलेले. ग्राहक मंचाला तुम्ही धंदेवाले चालत नाही असंही एकाने बजावलं. तेही अर्धवट आहे, पोटापाण्यासाठी स्वतः राबणाऱ्याला कायद्यात सूट आहे.

सँपल स्वतः कुरिअर करा, थेट लॅबच्या पत्त्यावर, काळ्या पिशवीत गुंडाळून, कारण उन्हाने अफ्लाटॉक्सिन कमी होतं आणि आकडा खोटा येतो. पैसे लॅबच्या नावाच्या खात्यावरच. एनएबीएलच्या (लॅबना मान्यता देणारी संस्था) साइटवर लॅबचं नाव दिसलं म्हणून थांबू नका, तिला *ती* चाचणी *त्या* पदार्थात करायची मान्यता आहे का ते बघा. एनएबीएलच्या शिक्क्यासोबत टीसीने सुरू होणारा यूएलआर नंबर, म्हणजे त्या रिपोर्टचा स्वतःचा वेगळा नंबर असतो, तो सांगून लॅबला विचारा की सँपल कशाचा होता. आणि तेलाआधी दाणा बघा. प्रक्रियेला जाणाऱ्या शेंगदाण्याला किलोमागे १५ मायक्रोग्रॅमची मर्यादा आहे, सुरकुतलेला, काळपट दाणा आधीच निवडून काढला तर निम्मी काळजी तिथेच मिटते.

त्याचा फोन अजून चालू आहे, डीपीवर लॅबचा बोर्ड. बार्शी, अक्कलकोटकडचे घाणेवाले, तुमच्याकडेही येईल. त्याच्या रिपोर्टवर तिसऱ्या ओळीत गॉसिपॉल लिहिलेलं असतं. ते सरकीतलं विष, करडईच्या नाहीतर शेंगदाण्याच्या रिपोर्टवर त्याचं काय काम? ती ओळ दिसली तर कागद परत देऊ नका, फोटो काढा आणि मला पाठवा. मला अर्जाला जोडायला दुसरा माणूस हवा आहे.