माशाच्या मांसात अळी दिसली: शिजवायचा, गोठवायचा की टाकायचा?

समुद्री मासा कापताना मांसात अळी दिसली की तो टाकून द्यावासा वाटतो. बहुतेक वेळा त्याची गरज नसते. मासा कच्चा खायचाय की शिजवून, यावर सगळं ठरतं.

घड्याळातल्या स्प्रिंगसारखी वेटोळी घातलेली, पांढुरकी, दोन-तीन सेंटिमीटरची अळी बहुधा अ‍ॅनिसाकिस या गोलकृमीची. तिचा मुक्काम मुख्यतः आतड्यांभोवती. मासा मेल्यावर त्यातल्या काही पोटाकडच्या मांसात शिरतात, म्हणून मासा लगेच साफ करावा. कॉड माशाच्या मांसात तपकिरी-लालसर, जराशी मोठी अळी सापडते, ती स्यूडोटेरानोव्हा या दुसऱ्या गोलकृमीची. दोन्ही जिवंत पोटात गेल्या तर त्रास देऊ शकतात. अ‍ॅनिसाकिस तर जठराच्या अस्तरात घुसते आणि काही तासांत तीव्र कळा, उलट्या सुरू होतात. काही माशांच्या मांसात पांढऱ्या, लांबट फीतकृमींच्या अळ्या असतात. दिसायला सर्वांत किळसवाण्या याच, पण त्या शार्क आणि पाकटाच्या आतड्यात वाढणाऱ्या. माणसाच्या पोटात रुजत नाहीत. किळस आणि धोका यांचा इथे फारसा संबंध नाही.

घरच्या स्वयंपाकासाठी मी शिजवण्याच्याच बाजूचा. तुकड्याच्या मध्यापर्यंत ६३ अंश सेल्सिअस उष्णता पोचली की अळी मरते. मांस अपारदर्शक होऊन सहज सुटू लागलं की शिजलं असं समजावं.

कच्चा किंवा अर्धकच्चा खायचा तर गोठवण्याला पर्याय नाही. अमेरिकेतला निकष उणे २० अंशांवर ७ दिवसांचा, युरोपीय संघाचा त्याच तापमानाला किमान २४ तासांचा, तोही माशाच्या गाभ्यापर्यंत. नेदरलँड्सने १९६८ मध्ये हेरिंग मासा गोठवणं सक्तीचं केलं आणि तिथले अ‍ॅनिसाकिसचे रुग्ण झपाट्याने घटले. घरचा फ्रीझर मात्र वारंवार उघडला जातो, अनेकदा उणे २० पर्यंत पोचतही नाही. थर्मामीटर ठेवून खात्री केल्याशिवाय त्याच्या भरवशावर कच्चा मासा खाऊ नये.

लिंबू, व्हिनेगर, थोडा वेळ लावलेलं मीठ किंवा थंड धुरी यांवर अजिबात विसंबू नका. आंबटाने मांस पांढरं पडतं, शिजल्यासारखं दिसतं. अळी जिवंतच राहते.

अ‍ॅनिसाकिसची अ‍ॅलर्जी असलेल्यांना शिजवणं आणि गोठवणं या दोन्ही उपायांचा भरवसा नाही. अळी मेली तरी तिच्यातली काही प्रथिनं उष्णतेलाही टिकतात. मासा खाल्ल्यावर अंगावर गांधी उठत असतील किंवा श्वास लागत असेल, तर अ‍ॅलर्जीतज्ज्ञाकडून तपासणी होईपर्यंत समुद्री मासा खाऊच नये.